घरच्या सीडी-डीव्हीडींवर नावं घालताना: पेन, स्टिकर, क्रमांक आणि वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात रायट केलेल्या दीडेकशे डिस्क साठल्या आहेत. काही सीडी, बऱ्याचशा डीव्हीडी, चार-पाच ब्लू-रे. व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली लग्नं, मुंजी-बारशांचे फोटो, आजोबांच्या कीर्तनांचं रेकॉर्डिंग असं त्यांत आहे. निम्म्यांवर काहीच लिहिलेलं नाही, काहींवर कागदी स्टिकर आहेत, काहींवर नुसतंच ‘लग्न’. कोणत्या पेनाने, कुठे आणि काय लिहायचं? दुकानातून छापील गोल स्टिकर आणून लावावेत का?

आधी स्टिकरचं सांगतो, कारण घाईत तीच चूक होते. नवे स्टिकर लावू नका आणि लावलेले आहेत ते काढू नका. डिस्कवर फक्त एक क्रमांक आणि दोन-चार शब्द लिहा. बाकीचं सगळं वहीत आणि डिस्कच्या आत जायला हवं.

हे असं का, ते डिस्कच्या रचनेवरून कळतं. तिन्ही प्रकार दिसायला सारखे: १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी, मध्ये १५ मिलिमीटरचं भोक. माहिती मात्र प्रत्येकीत वेगळ्या खोलीवर असते.

सीडी-आरमध्ये, म्हणजे घरी रायट करायच्या सीडीत, खालची चकचकीत बाजू म्हणजे जवळजवळ सगळी जाडी व्यापणारं पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक. त्याच्या वर, म्हणजे आपण लिहितो त्या बाजूला, रंगाचा थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा आरशासारखा थर, आणि त्यावर केसाहून पातळ लॅकर, म्हणजे रोगणाचा थर. लोक जिवापाड जपतात ती खालची बाजू सीडीची भक्कम बाजू आहे, आणि जिच्यावर बिनधास्त गिरगटतात ती नाजूक. खालचा उथळ ओरखडा पॉलिश करून काढता येतो. वरच्या बाजूने थर खरवडला गेला तर तिथली माहिती कायमची गेली. सीडी दिव्यासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे थर उडाला आहे, आणि बहुतेकदा कारण वरच्या बाजूलाच सापडतं.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, माहिती त्यांच्या मधोमध. त्यामुळे लिहिण्याच्या बाबतीत ती सगळ्यांत सोशिक. तिचं दुखणं वेगळं आहे, ते म्हणजे चिकटवलेला सांधा. कव्हरातून काढताना ती वाकवली की सांध्यावर ताण येतो. मधल्या दातांवर बोट दाबून डिस्क मोकळी करा, कड धरून ओढू नका.

ब्लू-रे सीडीच्या उलट. तिची माहिती खालच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते आणि वर १.१ मिलिमीटर जाडी असते. लिहायला निर्धास्त, पण लिहिताना ती कशावर ठेवली आहे ते पाहा. टेबलावरचा साखरेचा एक कणही खालच्या कडक लेपाला पुरेसा आहे. कोणतीही डिस्क लिहिण्यापूर्वी खाली स्वच्छ, धुतलेलं मऊ सुती कापड अंथरा.

आता पेन. बॉलपेन, जेलपेन, पेन्सिल, टोकदार काहीही नको. स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून घेतात तशी कोरलेली अक्षरं सीडीवर म्हणजे सरळ माहितीवरच घाव. नमद्याच्या मऊ टोकाचा मार्कर लागतो, टोक ०.४ ते १ मिलिमीटर. टोकाइतकीच महत्त्वाची त्याची शाई. झायलीन किंवा टोल्यूइनवर बनवलेले मार्कर, ज्यांना रंगाच्या दुकानासारखा उग्र वास येतो, ते सीडीच्या लॅकरमध्ये उतरू शकतात. पाण्यावर बनवलेली शाई सर्वांत सुरक्षित. स्टेशनरीच्या दुकानात ‘सीडी मार्कर’ म्हणून मिळतात त्यांतले बरेचसे अल्कोहोलच्या शाईचे असतात. ते झायलीनवाल्यांपेक्षा पुष्कळ सौम्य, पण सीडीच्या माहितीच्या भागावर तेही टाळावेत. व्हाइटबोर्ड मार्कर तर वापरूच नका, हात लागला की पुसला जातो.

इथे अडचण अशी की पाण्याची शाई गुळगुळीत लॅकरवर टिकत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते आणि दोन दिवसांनी बोटाला लागते. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही चांगले.

पहिला, लिहायची जागा बदला. डिस्कच्या मध्यभागी जो पारदर्शक प्लास्टिकचा पट्टा असतो तिथे ना रंगाचा थर आहे ना चांदीचा. मध्याभोवती साधारण ४४ मिलिमीटर व्यासापर्यंतचा भाग मोकळा असतो. त्यातही २६ ते ३३ मिलिमीटरचा पट्टा सोडा, कारण ड्राइव्ह डिस्कला तिथे पकडते. तिथली शाई घासून निघते आणि ड्राइव्हच्या पकडीला लागते. राहिली ३४ ते ४४ मिलिमीटरमधली जागा, म्हणजे पाच मिलिमीटर रुंदीची गोल पट्टी. काही डिस्कवर इथे एक उंचवटा किंवा खाच असते, तिच्या बाहेरून लिहा. या पट्टीचा घेर सुमारे १२ सेंटिमीटर भरतो, त्यात तीन मिलिमीटर उंचीची वीस-बावीस अक्षरं आरामात बसतात. क्रमांक, साल आणि एक-दोन शब्दांना एवढं पुष्कळ झालं. इथे अल्कोहोलचा पर्मनंट मार्कर चालतो. तो प्लास्टिकवर पक्का बसतो आणि खाली नासवण्यासारखं काही नसतं. कंपनीचे बारीक छापील किंवा कोरलेले आकडे याच भागात असतात, ते झाकू नका. पुढे एखादा लॉट खराब निघाला तर त्याच्या भावंडांचा शोध याच आकड्यांवरून लागतो.

दुसरा उपाय नव्या डिस्कसाठी. प्रिंटर नसला तरी पांढऱ्या पृष्ठभागाची प्रिंटेबल डिस्क घ्या. तो पांढरा लेप शाई शोषण्यासाठीच दिलेला असतो, त्यामुळे पाण्याची शाई त्यात मुरते आणि हाताला लागत नाही. सीडीवर त्या लेपाचं थोडं जास्तीचं संरक्षणही मिळतं. किंमतीतला फरक किरकोळ असतो. माझ्या मते घरगुती संग्रहासाठी नव्याने घ्यायच्या सगळ्या डिस्क याच असाव्यात.

चूक झाली तर खोडायला स्पिरिट घेऊ नका आणि नेलपेंट रिमूव्हर तर नकोच. रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं आणि ते पॉलिकार्बोनेटलाच खातं, डिस्क दुधाळ होते. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारा आणि शेजारी बरोबर ते लिहा.

आता स्टिकर का नको. कारणं तीन, आणि तिन्ही एकमेकांना जोर देतात. एक, वजन. ५२ एक्स (मूळ वेगाच्या ५२ पट) वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला १० हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. स्टिकर मिलिमीटरभर जरी एका बाजूला सरकून लागला तरी डिस्क थरथरते, वाचताना चुका वाढतात, ड्राइव्ह घूं-घूं आवाज करते. अर्धगोल स्टिकर किंवा कडेला लावलेली चिठ्ठी त्याहून वाईट. दोन, ओल. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. आकसताना तो डिस्कला किंचित बशीसारखी करतो, आणि डीव्हीडीवरच्या माहितीच्या खुणा सीडीपेक्षा बारीक असल्यामुळे तिला हा बाक अजिबात सोसत नाही. पूर्ण चालणाऱ्या डीव्हीडीवर स्टिकर लावला आणि दोन वर्षांनी ती शेवटच्या वीस मिनिटांत अडकू लागली, ही नेहमीची तक्रार आहे. माहिती आतून बाहेर लिहिली जाते, बाक कडेला जास्त असतो, म्हणून त्रास शेवटच्या भागात. तीन, गोंद. ड्राइव्हच्या उष्णतेने तो मऊ होतो, स्टिकरची कड सुटते, आणि गाडीतल्या किंवा जुन्या लॅपटॉपच्या फटीत सरकवायच्या ड्राइव्हमध्ये ती कड अडकली की डिस्कही अडकते आणि ड्राइव्हही.

आणि लावलेला स्टिकर काढू का नये? कारण सीडीवर गोंदाची लॅकरशी पकड बहुतेक वेळा लॅकरच्या प्लास्टिकशी असलेल्या पकडीपेक्षा घट्ट होते. स्टिकरबरोबर चांदीचा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो. कड थोडी सुटलेली असली तरी ओढायची नाही, बोटाने हलकेच दाबून बसवायची. अशा डिस्कमधली माहिती आधी संगणकावर उतरवून घ्या, वेग कमी ठेवून, आणि नव्या डिस्कवर रायट करा. जुनी डिस्क टाकून देऊ नका, तिच्यावरचं हस्ताक्षर हाही पुरावा आहे. स्टिकरचा फोटो काढून नव्या डिस्कमध्ये घाला.

छपाई हवीच असेल तर इंकजेटने थेट डिस्कवर करा. एप्सन आणि कॅनन यांच्या काही मॉडेलना डिस्क ठेवायचा ट्रे असतो. छपाईच्या सेटिंगमध्ये आतला व्यास डिस्कप्रमाणे भरा. काही डिस्क ४६ मिलिमीटरपासून बाहेर छापता येतात, काही थेट २३ मिलिमीटरपासून. चुकीचा आकडा घातला तर शाई पारदर्शक प्लास्टिकवर पडते आणि ओलीच राहते. गडद रंगाने अख्खी डिस्क भरायचा मोह टाळा. जितकी शाई जास्त तितकं वाळणं लांबतं. छापल्यावर २४ तास उघड्यावर, धूळ बसणार नाही अशी वाळू द्या, कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ४८. लगेच प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर छपाई पाकिटाला चिकटते. लाइटस्क्राइब नावाची, लेसरने वरच्या बाजूवर चित्र उमटवणारी पद्धत २००४ मध्ये आली होती. तशा डिस्क कुणाच्या घरात असतील तर त्यांवरची अक्षरं उजेडाने फिकी होतात, तेव्हा ती आत्ताच वाचून वहीत उतरवा.

क्रमांकाकडे वळू. ग्रंथालयात पुस्तकाला दाखल क्रमांक देतात तोच प्रकार इथे लागतो: ०००१ पासून चढता, साधा, बिनअर्थाचा. त्यात साल, विषय, माणसाचं नाव गुंफू नका. ‘ल-९८-३’ म्हणजे लग्न, १९९८, तिसरी डिस्क, हे सुरुवातीला फार सोयीचं वाटतं. मग एकाच डिस्कवर लग्न आणि सत्यनारायण दोन्ही निघतात, किंवा साल १९९७ असल्याचं कळतं, आणि क्रमांकच खोटा ठरतो. बिनअर्थाचा क्रमांक कधी चुकत नाही. चार आकडी ठेवा आणि पुढची शून्यं लिहा, म्हणजे संगणकावर क्रम नीट लागतो. दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या माहितीला द्यायचा नाही, डिस्क मेली तरी.

डिस्कवरचे आकडे मराठीत लिहावेत की इंग्रजीत? वही मराठीत असायलाच हवी, पण डिस्कवरच्या क्रमांकासाठी मी इंग्रजी आकडे सुचवतो. मराठी एक हा इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ वाटतो आणि मराठी चार हा आठ. पुण्यात वाढलेला नातू गोंधळणार नाही, पण न्यू जर्सीत वाढलेली पणती गोंधळेल. काही डिस्कवर मराठी, काहींवर इंग्रजी, हे सगळ्यांत वाईट. मराठी आकडेच ठेवायचे असतील तर सरसकट ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही आकड्यांचा तक्ता काढा.

तारखेतही असाच सापळा आहे. ०४/०५/९९ म्हणजे आपल्याकडे ४ मे आणि अमेरिकेत ५ एप्रिल. साल चारही आकड्यांत लिहा आणि महिना अक्षरांत: ४ मे १९९९. तारखा दोन असतात हेही ध्यानात ठेवा, प्रसंगाची आणि रायट केल्याची. डिस्कवर प्रसंगाची, वहीत दोन्ही. रायट केल्याची तारीख डिस्कचं वय सांगते आणि पुढच्या तपासणीचा क्रम तिच्यावरून ठरतो.

बहुभागी गोष्टींवर ‘भाग १’ लिहू नका, ‘३ पैकी १’ लिहा. भाग १ वरून पुढे किती आहेत ते कळत नाही, आणि हरवलेला तिसरा भाग हरवला आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. १८० मिनिटांची व्हीएचएस कॅसेट बऱ्या दर्जात ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर मावत नाही, दोन लागतात. त्यामुळे कॅसेटवरून उतरवलेल्या संग्रहात हा प्रश्न सतत येतो.

आता मजकूर, म्हणजे खरा गाभा. ‘आजी’, ‘ताईचं लग्न’, ‘गणपती’ ही लेबलं लिहिणाऱ्याला पुरेशी असतात आणि बाकी कुणालाच नसतात. आजी कुणाची? आईची आई की बाबांची? ‘नाना’ प्रत्येक घरात तीन असतात. नाव, आडनाव आणि लिहिणाऱ्याशी नातं, तिन्ही वहीत हवीत. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही लिहा. माहेरची कुसुम लग्नात वैशाली झाली असेल, तर तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची डिस्क आणि तिच्या डोहाळजेवणाची डिस्क या एकाच बाईच्या आहेत हे पुढच्या पिढीला वहीशिवाय कळायचा मार्ग नाही. आपल्याकडच्या घरगुती संग्रहांत सर्वांत जास्त ओळख हरवते ती इथे, आणि भरून काढायला सर्वांत सोपीही तीच, जोवर सांगणारं माणूस आहे तोवर. पेनाचा शोध नंतर करा, आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून डिस्क लावा आणि नावं लिहून घ्या. पडद्यावरचं माणूस ‘डावीकडून तिसरी, हिरवं नऊवारी’ असं मिनिटासह नोंदवा.

तारीख आठवत नसेल तर लग्नपत्रिका शोधा. तिच्यावर तारीख, तिथी, मुहूर्त, कार्यालयाचं नाव, दोन्हीकडची नावं, सगळं असतं. पत्रिका स्कॅन करून त्याच डिस्कमध्ये ठेवा, याहून चांगलं लेबल कुणी लिहू शकणार नाही. पत्रिकेवर किंवा कॅसेटच्या कव्हरवर फक्त शक असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १९२० चा वैशाख म्हणजे १९९८. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. फायलींच्या तारखांवर डोळे झाकून विसंबू नका. डीव्हीडी-व्हिडिओतल्या फायलींना ती डिस्क तयार केल्याची तारीख असते, लग्नाची नव्हे, आणि डिजिटल कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं नसेल तर सगळे फोटो एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीचे निघतात. पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेली तारीखही त्याच घड्याळाची असते.

कीर्तनाच्या रेकॉर्डिंगसाठी एवढं लिहा: कीर्तनकाराचं नाव, गाव आणि देऊळ, निमित्त, निरूपणाच्या अभंगाची पहिली ओळ, आख्यान कोणतं, साथीला कोण, आणि पूर्वरंग कितव्या मिनिटाला संपतो. मूळ कॅसेटची बाजू अ की ब, आणि कॅसेट कुठे उलटल्यामुळे वाक्य तुटलं आहे तेही. ऐकणाऱ्याला तिथे रेकॉर्डिंग बिघडलं असं वाटायला नको.

एका नोंदीचा नमुना:

दाखल क्रमांक ००४७, प्रत १. डीव्हीडी-आर, डीव्हीडी-व्हिडिओ, पाल, फायनलाइज केलेली. धाकट्या आत्याचं (इथे तिचं माहेरचं आणि सासरचं पूर्ण नाव) लग्न, मे १९९८, सांगली. २ पैकी १: सीमांतपूजन ते मंगलाष्टकं. मूळ व्हीएचएस कॅसेट १, तिच्यावर सुरुवातीची सुमारे ४ मिनिटं रेघा. उतरवली मार्च २००७. जोडीची डिस्क ००४८. शेवटची तपासणी आणि निकाल: …

यातले ‘पाल’ आणि ‘फायनलाइज’ हे शब्द रिकामे नाहीत. भारतातला जुना व्हिडिओ पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रांचा. अमेरिकेत एनटीएससी होतं, त्यामुळे तिकडचा जुना प्लेअर ही डिस्क कदाचित दाखवणार नाही, संगणक दाखवेल. फायनलाइज करणं म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्क बंद करणं. फायनलाइज न केलेली डिस्क ज्या रेकॉर्डरवर केली तिथे चालते आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये कोरी दिसते. अशा कोऱ्या दिसणाऱ्या डिस्क लोक फेकून देतात. खालच्या बाजूला आतून सुरू होणारा गडद पट्टा आणि बाहेर फिका पट्टा असा फरक दिसला तर तिच्यावर काहीतरी लिहिलेलं आहे.

लेबल डिस्कच्या आतही हवं. रायट करताना सॉफ्टवेअर डिस्कचं नाव विचारतं, तिथे आपोआप आलेली तारीख किंवा ‘न्यू’ ठेवू नका, दाखल क्रमांक घाला. डिस्कवर फायली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. जुन्या आयएसओ ९६६० पद्धतीत या नावाला ३२ अक्षरं मिळतात, तीही इंग्रजी मोठी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढीच. जोलिएत पद्धतीत देवनागरी चालते, पण १६ अक्षरांत. फायलींच्या नावांना तिथे ६४ मिळतात, आणि संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजतो. ‘लक्ष्मीपूजन’ वाचताना पाच अक्षरं, संगणकाच्या हिशेबात ११. लांब मराठी नावं द्यायची असतील तर यूडीएफ ही पद्धत निवडा. काही विसंगत होऊ नये असं वाटत असेल तर फायलींची नावं छोटी आणि इंग्रजी अक्षरांत-अंकांत ठेवा आणि मराठी वर्णन एका साध्या मजकूर फायलीत लिहा.

ती मजकूर फाइल प्रत्येक डिस्कच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नाही अशी, असावी, तिच्यात त्या डिस्कची वहीतली अख्खी नोंद. जतन करताना अक्षरं साठवायची पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८ निवडा. जुन्या नोटपॅडमध्ये ‘अॅन्सी’ राहिलं तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. शक्य असेल तर फायलींचे एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फायलीवरून संगणकाने काढलेले ठशासारखे आकडे, तेही सोबत ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी फाइल जशीच्या तशी आहे का ते खात्रीने सांगता येतं.

कामाचा क्रम असा ठेवा. कोऱ्या डिस्कच्या मधल्या पट्टीवर आधी क्रमांक लिहा, शाई पाच मिनिटं वाळू द्या, मग रायट करा. नंतर लिहू म्हणून बाजूला ठेवलेल्या दोन सारख्या डिस्क एकमेकींच्या जागी जातात. १६ एक्सची डीव्हीडी ८ एक्सने रायट करा आणि पडताळणीचा पर्याय चालू ठेवा. पडताळणी नापास झाली तर त्या डिस्कवर ‘बाद’ लिहून ती वेगळी काढा, आणि तोच क्रमांक त्याच माहितीसह नव्या डिस्कवर. पास झाल्यावरच साल आणि शब्द लिहा. हातात एका वेळी एकच डिस्क.

कव्हरला कागद लावायचा असेल तर जाड कव्हराच्या मागच्या कागदाचं माप १५१ बाय ११८ मिलिमीटर, त्यात दोन्ही कडांच्या ६.५ मिलिमीटरच्या घड्या धरून. पुढचा १२० बाय १२०. डीव्हीडीच्या उभ्या कव्हराचा कागद २७३ बाय १८३, मध्ये १४ मिलिमीटरची कणा-पट्टी. कण्यावर क्रमांक मोठा. लेझर प्रिंट ओलीत इंकजेटपेक्षा चांगली टिकते. हाताने लिहिणार असाल तर कागद बाहेर काढून लिहा, डिस्क आत असताना कव्हरवर दाबून नाही.

डिस्क पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. रत्नागिरीत किंवा पणजीत हे घरात जमणारं नाही. तिथे झाकणाचा घट्ट डबा, सिलिका जेल, आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट एवढं करा, जेल दर पावसाळ्याआधी तापवून कोरडं करा. डांबरगोळ्या त्या कपाटात नकोत, त्यांची वाफ कव्हराच्या प्लास्टिकला मऊ करते. रबरबँडही नको, त्यातलं गंधक चांदीच्या थराला काळवंडवतं. मऊ पीव्हीसीची स्वस्त पाकिटं उष्णतेत डिस्कला चिकटतात, त्यांतल्या डिस्क आधी बाहेर काढा.

तुमच्या दीडशे डिस्कमध्ये सुरुवात स्टिकरवाल्या सीडींपासून करा, मग बिनलेबलच्या, मग व्हीएचएसवरून उतरवलेल्या डीव्हीडी, ब्लू-रे शेवटी. प्रत्येकीची नक्कल हार्ड डिस्कवर घेत चला. न वाचणारी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा, एका ड्राइव्हला न दिसणारं दुसरीला बऱ्याचदा दिसतं, आणि डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर दोन्हींचं वाचलेलं एकत्र करू शकतं. दर दोन वर्षांनी प्रत्येक दहावी डिस्क पूर्ण वाचून पाहा आणि वहीत तारीख टाका. एक जरी अडखळली तर त्याच वर्षाच्या आणि त्याच कंपनीच्या बाकीच्याही त्याच आठवड्यात तपासा. दुसरी प्रत वेगळ्या लॉटच्या डिस्कवर करा आणि भावाकडे किंवा बहिणीकडे दुसऱ्या गावी ठेवा, वहीच्या झेरॉक्ससकट.